इस्रायल-अरब वैर: जमीन, कब्जा आणि न ठरलेली हद्द

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इस्रायल आणि त्याचे अरब शेजारी यांच्यातील वैराविषयी गेल्या काही आठवड्यांत आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता: हे भांडण हजारो वर्षांचे आहे, दोन धर्मांचे आहे, आणि म्हणून ते मिटणारे नाही. काहींनी तर थेट ज्यू व अरबांचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या अब्राहामच्या दोन मुलांपर्यंत वंशावळ नेऊन भिडवली. हे म्हणणे भारदस्त वाटते आणि पुढे डोके चालवण्याची गरज ठेवत नाही, म्हणून ते लोकप्रिय आहे. खरे मात्र नाही. माझी सारी नोकरी महसूल खात्यात, जमिनीच्या नोंदी तपासण्यात गेली. त्यामुळे कोणतेही जुने वैर समोर आले की आधी मालकी कोणाची, कब्जा कोणाचा आणि हद्द कोणी ठरवली हे विचारायची सवय मला लागली आहे. त्या सवयीने या प्रश्नाचे वाचन केल्यावर माझे मत असे झाले, की हे वैर जेमतेम सव्वाशे ते दीडशे वर्षांचे आहे, त्याचे मूळ जमिनीत आहे आणि ते टिकून राहिले याचे मुख्य कारण म्हणजे १९४८ चा हिशेब कधी मिटवला गेला नाही आणि १९६७ नंतरची हद्द कधी ठरू दिली गेली नाही.

मुस्लिम सत्तांखाली ज्यू सुखासमाधानाने नांदत होते, असे मी म्हणणार नाही. ते समान प्रजाजन नव्हते, शतकानुशतके त्यांना जिझिया भरावा लागे, आणि १८४० मध्ये दमास्कसला खोट्या आरोपावरून ज्यूंचा छळही झाला. पण १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा त्यांना आसरा देणारा सुलतान दुसरा बायेझिद हा ऑटोमन होता, आणि जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास या गावांत ज्यू वस्ती पिढ्यानपिढ्या टिकून होती. ज्यूंना जिवाची भीती होती ती मुख्यतः युरोपात. आज आपण ज्याला अरब-इस्रायली वैर म्हणतो, त्याचा मागमूसही १८८० पूर्वी सापडत नाही.

१८५८ साली ऑटोमन सरकारने जमिनीचा नवा कायदा करून प्रत्येकाने आपली जमीन नावावर नोंदवावी, असे फर्मावले. पॅलेस्टाइनमधील शेतकऱ्याला या नोंदणीत दोनच गोष्टी दिसल्या, वाढीव कर आणि मुलांची सैन्यभरती. म्हणून असंख्य शेतकऱ्यांनी नोंदणी टाळली किंवा ती गावच्या वजनदार माणसाच्या नावे होऊ दिली. वहिवाट शेतकऱ्याची आणि कागद शहरातल्या श्रीमंताचा, अशी स्थिती यातून निर्माण झाली. मर्ज इब्न आमिर हे सुपीक खोरे, ज्याला ज्यू लोक जेझ्रेल म्हणतात, त्याचा मोठा भाग बैरूतच्या सुरसुक घराण्याकडे गेला. हे घराणे ख्रिस्ती होते, हेही धर्मयुद्धाची उपपत्ती मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. १९२० च्या दशकात त्यांनी ही जमीन ज्यू संस्थांना विकली आणि खरेदीदारांची अट अशी होती, की जमीन कुळांपासून मोकळी करून मिळावी. काहींना भरपाई मिळाली, परंतु पिढ्यानपिढ्या नांगर धरणारी कुळे बेदखल झाली ती झालीच.

हा व्यवहार कायदेशीर होता. विकणारा राजीखुशीने विकत होता, घेणारा रोख पैसे मोजत होता, आणि घेणारा कोण होता हेही विसरता येत नाही. १८८१ नंतर रशियात उसळलेल्या दंगलींतून, १९०३ च्या किशिनेवच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेली ती माणसे होती, आणि दलदलीत हिवतापाशी झुंजत त्यांनी ती जमीन कसली. कुणाची जमीन लुटावी असा त्यांचा हेतू नव्हता. तरीही वैराचे बीज याच व्यवहारात पडले, कारण १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम असा होता, की एकदा घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ती ज्यूंनाच भाडेपट्ट्याने द्यायची आणि तिच्यावर ज्यू मजूरच राबवायचे. जुना जमीनदार बदलला तरी कूळ त्याच शेतात राहत असे. हा नवा मालक आला की कुळाला तिथे मजूर म्हणूनही जागा उरत नसे. जगातल्या कोणत्याही गावात असे घडले असते, तर गावाने नव्या मालकाचा धर्म विचारला नसता.

पुढे काय होणार हे त्या वेळच्या शहाण्या माणसांना दिसत होते. जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी १८९९ मध्येच पत्र लिहून, ज्यूंचे या भूमीशी असलेले ऐतिहासिक नाते मान्य करूनही, तिथे आधीच माणसे राहतात, तेव्हा इथे ज्यू राष्ट्र वसवण्याचा बेत सोडून द्यावा, अशी विनवणी केली होती आणि ते पत्र या बेताचे प्रणेते, ज्यू राष्ट्रवादी नेते थिओडोर हर्झल यांच्यापर्यंत पोहोचले होते. दुसऱ्या बाजूने जहाल ज्यू राष्ट्रवादी नेते व्लादिमीर झाबोटिन्स्की यांनी १९२३ मध्ये स्पष्ट लिहिले, की कोणत्याही देशातील मूळ रहिवाशांनी परक्यांची वसाहत राजीखुशीने स्वीकारल्याचे उदाहरण नाही, अरबही ती स्वीकारणार नाहीत, म्हणून बळाची भिंत उभारूनच हे काम पुढे न्यावे लागेल. झाबोटिन्स्की यांच्या राजकारणाशी मी सहमत नाही, पण अरबांना मूर्ख किंवा धर्मवेडे न समजता त्यांचा विरोध स्वाभाविक आहे हे त्यांनी ओळखले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांच्या वर्तनाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ते सर्वपरिचित आहे. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचे आश्वासन, १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर त्याच प्रदेशाची गुपचूप वाटणी आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना 'राष्ट्रीय घर' देण्याचे वचन, अशी एकाच मालाची तीन ठिकाणी बोली झाली. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनमधील सुमारे साडेसात लाख लोकांपैकी ज्यू ११ टक्क्यांच्या आसपास होते. जाहीरनाम्यात उरलेल्या बहुसंख्यांचा उल्लेख 'गैर-ज्यू समुदाय' असा होता आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची हमी दिली होती, राजकीय हक्कांची नव्हती. १९२९ मध्ये हेब्रॉनला ६७ ज्यू मारले गेले, १९३६ ते १९३९ अरबांचे बंड चालले, १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचवली आणि नेमका हिटलर ज्यूंच्या जिवावर उठला असताना, १९३९ मध्ये ब्रिटिशांनी ज्यू स्थलांतरावर पाच वर्षांसाठी ७५ हजारांची मर्यादा घातली. साठ लाख ज्यूंची हत्या झाल्यानंतर, स्वतःचे राज्य नसेल तर आपल्याला कोणीही दार उघडत नाही, हा धडा वाचलेल्यांनी घेतला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पॅलेस्टाइनमधील शेतकऱ्याचा प्रश्नही तितकाच रास्त होता: युरोपने केलेल्या पापाची भरपाई माझ्या शेतातून का?

२९ नोव्हेंबर १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने लोकसंख्येच्या सुमारे एक-तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी देऊ केली. त्यांच्या मालकीची जमीन तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होती. अरबांनी ठराव फेटाळला आणि युद्ध झाले. त्या युद्धाचे दोन्ही हिशेब मांडावे लागतात. एप्रिल १९४८ मध्ये देर यासीन या गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक गावकरी मारले आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी हदासा इस्पितळाकडे निघालेल्या ताफ्यावर हल्ला करून अरबांनी सत्तरहून अधिक डॉक्टर, परिचारिका व इतर ज्यूंना ठार केले. इस्रायलची सुमारे सहा हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ एक टक्का, या युद्धात गेली. पॅलेस्टिनींपैकी सुमारे सात लाख लोक घरांतून पळाले किंवा हाकलले गेले.

युद्धात माणसे पळतात आणि युद्ध संपले की परततात; इथे परतणे कायद्याने बंद झाले, आणि माझ्या मते वैर कायम होण्याची खरी घडी ही आहे. १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्यानुसार, २९ नोव्हेंबर १९४७ नंतर जो शत्रुराष्ट्रात गेला किंवा आपले नेहमीचे राहते ठिकाण सोडून अरब फौजांच्या ताब्यातील भागात गेला, तो गैरहजर ठरला आणि त्याची मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे गेली. गोळीबार थांबेपर्यंत शेजारच्या गावात जाऊन राहिलेली आणि पुढे इस्रायलची रीतसर नागरिक झालेली हजारो माणसेही यात सापडली. सरकारी परिभाषेत ते 'हजर असलेले गैरहजर' झाले.

लेबनॉनच्या सीमेजवळच्या इक्रित या गावाची हकिगत पाहण्यासारखी आहे. गाव ख्रिस्ती होते. त्याने इस्रायली सैन्याला प्रतिकार केला नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने गावकऱ्यांना सांगितले, की सुरक्षेसाठी दोन आठवडे गाव सोडा. दोन आठवड्यांची दोन वर्षे झाली, तेव्हा हे गावकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९५१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने गावातील घरे सुरुंगाने उडवली. चर्च तेवढे राहिले. गावकरी आणि त्यांचे वंशज आजही इस्रायलचे नागरिक आहेत, आजही परतण्याची मागणी करतात आणि आपल्या मृतांना त्याच गावात पुरतात. जिवंतपणी राहण्याची परवानगी मात्र मिळालेली नाही. हे भांडण इस्लाम आणि ज्यू धर्माचे आहे असे म्हणणाऱ्यांनी इक्रितला कोणत्या रकान्यात बसवायचे ते सांगावे.

हाच खेळ उलट दिशेनेही झाला, आणि अरब देशांची बाजू घेणारे पत्रलेखक तो सांगायला विसरतात. आजच्या इराकच्या भूमीत ज्यू अडीच हजार वर्षे राहत होते. १९४१ च्या जून महिन्यात बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, मार्च १९५० मध्ये इराकने नागरिकत्व सोडून देश सोडण्याची मुभा देणारा कायदा केला आणि लोकांनी नावे नोंदवल्यानंतर, मार्च १९५१ मध्ये, त्यांची मालमत्ता गोठवणारा दुसरा कायदा केला. आधी नाव लिहून घ्यायचे आणि मग तिजोरीला कुलूप लावायचे, हा क्रम मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. इराकमधून एक लाख वीस हजारांच्या आसपास ज्यू जवळपास रिकाम्या हाताने इस्रायलात आले आणि सुरुवातीला तंबूंच्या छावण्यांत राहिले. येमेन, इजिप्त, मोरोक्को, लिबिया येथील ज्यूंचीही कमी-अधिक तीच वाट झाली. त्यांच्या पिढ्यांना अरबांविषयी सहानुभूती शिकवायला जाणे सोपे नाही. १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन यांच्या लिकुड पक्षाला पहिल्यांदा सत्ता मिळाली, त्यात या समाजाच्या मतांचा मोठा वाटा होता.

अरब राज्यकर्त्यांनी तर निर्वासितांचा प्रश्न जिवंत ठेवला आणि निर्वासितांना मात्र वाऱ्यावर सोडले. जॉर्डनने त्यांना नागरिकत्व दिले, हे खरे. पण १९५० मध्ये वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, आपल्या राज्याला जोडूनही घेतली. इजिप्तने गाझा पट्टी १९६७ पर्यंत लष्करी अमलाखाली ठेवली. लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींना आजही अनेक व्यवसाय बंद आहेत आणि घर किंवा जमीन नावावर घेता येत नाही. जॉर्डनने तर १९४९ च्या युद्धबंदी करारात मान्य करूनही ज्यूंना जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेला येऊ दिले नाही.

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, इजिप्तचे सिनाई आणि सीरियाचे गोलान घेतले, आणि जमिनीचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. जॉर्डनच्या काळात वेस्ट बँकेतील जेमतेम एक-तृतीयांश जमिनीची नोंदणी पुरी झाली होती. इस्रायली लष्करी आदेशाने उरलेली नोंदणी थांबवण्यात आली. पुढे नाब्लुसजवळ एलोन मोरे या ज्यू वसाहतीसाठी खासगी जमीन ताब्यात घेतली गेली, तेव्हा मालक न्यायालयात गेले. सरकार म्हणाले, सुरक्षेसाठी जमीन हवी. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव यांनी प्रतिज्ञापत्र दिले, की सुरक्षेसाठी तिची गरज नाही. खुद्द वसाहतकारांनीच सांगितले, की आम्ही इथे ईश्वरी आज्ञेने आलो आहोत. ऑक्टोबर १९७९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने वसाहत हटवण्याचा आदेश दिला. न्यायालयाचा तो निकाल धैर्याचाच होता, पण सरकारने त्यातून पळवाट काढली ती अशी, की यापुढे खासगी जमीन ताब्यात न घेता जमीन 'सरकारी' म्हणून जाहीर करायची. आणि त्यासाठी आधार कोणता घेतला? १८५८ चा तोच ऑटोमन कायदा! त्यानुसार तीन वर्षे पडीक राहिलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहून शेत कसले आहे की नाही हे ठरवायचे, जमीन सरकारी असल्याचे जाहीर करायचे आणि हरकत असल्यास शेतकऱ्याने ४५ दिवसांत लष्करी समितीपुढे यायचे, अशी ही पद्धत आहे. नोंदणी थांबवल्यामुळे कागद नाही, आणि कागद नाही म्हणून जमीन नाही. महसुलाचे काम केलेल्या माणसाला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील ओस्लो करार १९९३ मध्ये झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेत सुमारे एक लाख दहा हजार वसाहतकार होते. आज ते पाच लाखांच्या वर आहेत. बांध रोज थोडा थोडा कोरला जात असताना शेजाऱ्याने वाटाघाटीवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. त्याच काळात हमास या पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेने १९९४ पासून बसमध्ये स्फोट घडवून सामान्य इस्रायलींचाही शांततेवरचा विश्वास उडवला, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा खून एका ज्यू माथेफिरूने केला.

पूर्व जेरुसलेममधील शेख जर्राह वस्तीचा वाद २०२१ मध्ये पेटला आणि त्याने अकरा दिवसांच्या गाझा युद्धाला तोंड फोडले. या वस्तीत १९५६ मध्ये जॉर्डन सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २८ पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबे वसवली होती. जमीन १९४८ पूर्वी ज्यू विश्वस्त संस्थांची होती, असा दावा आहे आणि इस्रायलच्या १९७० च्या कायद्याप्रमाणे पूर्व जेरुसलेममधील अशी मालमत्ता मूळ ज्यू मालकांना परत मागता येते. हे तत्त्व चांगलेच आहे. पण त्याच निर्वासित कुटुंबांनी १९४८ मध्ये हैफा किंवा याफा येथे सोडलेली घरे मात्र त्यांना मागता येत नाहीत, कारण तिथे १९५० चा कायदा लागू होतो. एकाच शहरात, एकाच न्यायालयात, एकाला १९४८ च्या मागे जाता येते आणि दुसऱ्याला येत नाही. एवढ्या उघड अन्यायातून जो संताप उपजतो, त्याला धर्मग्रंथाची गरज पडत नाही.

माझ्या म्हणण्याचा दुसरा पुरावा असा, की जिथे हद्द ठरली तिथे युद्ध थांबले. इजिप्तने इस्रायलशी १९४८ ते १९७३ या काळात चार मोठी युद्धे लढली. १९७९ च्या तहानंतर एकही नाही. सिनाई परत करताना ताबाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा सुमारे एक चौरस किलोमीटरचा तुकडा वादात राहिला. भांडण हद्दीचा ९१ क्रमांकाचा खांब नेमका कुठे होता, यावर होते. त्या तुकड्यावर इस्रायलमध्ये हॉटेलही बांधले गेले होते. लवादाने १९८८ मध्ये इजिप्तच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये इस्रायलने हॉटेलसकट जागा सोडली. जॉर्डनशी १९९४ मध्ये तह झाला तेव्हा बाकुरा आणि घम्र येथील शेते जॉर्डनची, पण कसायची इस्रायली शेतकऱ्यांनी, अशी २५ वर्षांची व्यवस्था ठरली. १९९७ मध्ये बाकुरा येथे एका जॉर्डेनियन सैनिकाने सात इस्रायली शाळकरी मुलींना गोळ्या घातल्या. राजे हुसेन स्वतः इस्रायलला गेले आणि त्यांनी मुलींच्या आईवडिलांपुढे गुडघे टेकले. तह टिकला. २०१९ मध्ये मुदत संपली आणि जॉर्डनने शेते परत घेतली, तेव्हाही एक गोळी सुटली नाही. दोन्ही देशांतील सामान्य जनता इस्रायलवर प्रेम करते असे नाही. पॅलेस्टिनींचा प्रश्न लोंबकळत असेपर्यंत ती करणारही नाही. पण वैर आणि युद्ध यांत मोठे अंतर असते. सीरियाशी बोलणी २००० मध्ये फिसकटली ती प्रामुख्याने तिबेरियास सरोवराच्या ईशान्य काठावरच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून. ब्रिटन-फ्रान्सने ठरवलेल्या १९२३ च्या रेषेप्रमाणे सरोवर आणि काठाची दहा मीटर जमीन पॅलेस्टाइनकडे होती, १९६७ पूर्वी सीरियाचे सैनिक प्रत्यक्षात पाण्यापर्यंत येत होते. मोजणीदाराने सोडवावा असा तो वाद होता आणि तो सुटला नाही.

माझ्या मतावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, की धर्माचा काहीच भाग नाही का? आहे. हमासच्या १९८८ च्या सनदेने पॅलेस्टाइनची जमीन वक्फची ठरवली आणि वसाहतकारांच्या चळवळीने तीच जमीन ईश्वराने दिलेली ठरवली. मग विकायचे, वाटायचे, मोजायचे असे काही उरतच नाही. पण धर्म या भांडणात नंतर शिरला. पॅलेस्टिनी मुक्ती चळवळीतील एका प्रमुख गटाचा संस्थापक जॉर्ज हबश हा ख्रिस्ती कुटुंबातला होता आणि १९४८ मध्ये त्याचे लिद हे गाव रिकामे करण्यात आले होते. दुसरा आक्षेप गाझाचा. २००५ मध्ये इस्रायलने तेथील सुमारे आठ हजार वसाहतकार आणि सैन्य काढून घेतले, तरी अग्निबाण थांबले नाहीत. हे खरे आहे. माघार करार न करता घेतली गेली, आकाश, समुद्र आणि बहुतेक नाकी इस्रायलच्या हाती राहिली. पण एवढ्याने हमास निर्दोष ठरत नाही. ज्या पक्षाला हद्द नकोच आहे, त्याच्यापुढे हद्दीचा नकाशा ठेवून उपयोग नसतो, हे मला मान्य आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे बाराशे माणसे मारून अडीचशे ओलीस नेणे याला कोणतेही समर्थन नाही, आणि त्यानंतर गाझात हजारो मुलांसह पडलेल्या प्रेतांच्या राशींनाही नाही. मात्र, त्या पट्टीतील बहुसंख्य रहिवासी १९४८ च्या निर्वासितांचे वंशज आहेत, हे त्या दिवसाची कारणे शोधताना वगळता येणार नाही.

शेवटी लेबनॉनविषयी, कारण हा देश चर्चेत नेहमी फक्त तेथील हेजबोल्ला या सशस्त्र शिया संघटनेमुळे येतो. लेबनॉनने इस्रायलला मान्यता दिलेली नाही, दोघांत राजनैतिक संबंध नाहीत आणि कायद्याने युद्धस्थिती चालूच आहे. तरीही समुद्रातील वायूसाठ्यांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने त्यांनी सागरी हद्द ठरवली, आणि त्यास हेजबोल्लाने आडकाठी केली नाही. त्यानंतरच्या युद्धातही ती रेषा कोणी अधिकृतपणे रद्द केलेली नाही. जमिनीवर मात्र संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये आखलेली निळी रेषा ही केवळ इस्रायली सैन्याच्या माघारीची रेषा आहे, सीमा नव्हे. तिच्यावरील काही ठिकाणे आणि गोलानला लागून असलेला शेबा शेतांचा पट्टा यांचा वाद अजून तसाच पडून आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महसूल कर्मचारी